पाणपक्षी मोजायचे, पण कोणत्या पद्धतीने?

आधी ठरवा, आकडा कशासाठी हवा. पाणथळीवर आज किती पक्षी आहेत ते, की वर्षागणिक ते वाढताहेत की घटताहेत ते? दुसऱ्यासाठी आकडा थोडा कमी भरला तरी चालतो. पण जागा, हंगाम, वेळ आणि पद्धत बदलली की जुन्या नोंदींशी तुलनाच उरत नाही. आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना १९६७ पासून मुख्यतः जानेवारीत होते, कारण हिवाळी पाहुणे तेव्हा बऱ्यापैकी स्थिरावलेले असतात.

पाणी मोकळं असेल तर काठावरची मोजणी पुरते. ऊन पाठीशी ठेवा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. शंभर-दोनशे पक्षी एकेक करून मोजता येतात. त्यापुढे ठोकळे पाडा: वीस पक्षी मोजा, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरा आणि तेवढे तुकडे थव्यावर किती बसतात ते पाहा. फसगत इथेच होते. थवा मधे दाट, कडेला विरळ असतो. कडेच्या ठोकळ्याने सगळा थवा मोजला की आकडा निम्म्यावरही येऊ शकतो. म्हणून दाट भागासाठी वेगळा ठोकळा घ्या. टिबुकली आणि लालसरीसारखे बुड्या मारणारे पक्षी तीनदा मोजून मोठा आकडा धरा. थवा उडालाच तर फोटो काढून पडद्यावर मोजा.

पाणकणसात लपणाऱ्या पाणकोंबड्या, फटाकड्या दुर्बिणीच्या आवाक्यातल्या नाहीत. तिथे पहाटे ध्वनिमुद्रित साद वाजवतात: आधी पाच मिनिटं नुसतं ऐकायचं, मग प्रत्येक जातीसाठी ३० सेकंद साद आणि ३० सेकंद शांतता. दोन थांब्यांत ४०० मीटर ठेवा, म्हणजे तोच पक्षी दोनदा धरला जात नाही. मिळतो तो एकूण आकडा नव्हे, फक्त निर्देशांक, म्हणजे वर्षागणिक तुलनेपुरता आकडा. विणीच्या काळात साद पुन्हा पुन्हा वाजवू नका. पक्षी घरटं सोडून भांडायला येतो.

बगळे आणि पाणकावळे दिवसभर पांगलेले असतात, त्यांना रातथाऱ्यावर, म्हणजे रात्री मुक्कामाला जमतात तिथे गाठा. सूर्यास्ताआधी तासभर पोहोचा, प्रत्येकाला एक दिशा वाटून द्या. येणारे मिळवा, परत जाणारे वजा करा. खाडीकिनारी तुतवारांसारखे चिखलपक्षी ओहोटीला मैलभर विखुरतात, भरतीला एका पट्टीवर गोळा होतात. वेळापत्रक पाहून भरतीच्या आसपासच मोजा.

होडी शेवटचा पर्याय. ती थवे उडवते आणि उडालेले पुढे जाऊन बसले की पुन्हा मोजले जातात. ड्रोन परवानगीशिवाय नाहीच. किमान १०० मीटर दुरून उडवा आणि थव्याच्या डोक्यावर सरळ खाली आणू नका, तसा उतरणारा आकार त्यांना ससाण्यासारखा वाटतो. माना वर झाल्या की मागे फिरा.

आणि पक्षी दिसलाच नाही, तर रकाना कोरा सोडू नका, शून्य लिहा. कोऱ्या रकान्यावरून तिथे कोणी मोजायला गेलं होतं की नाही, हेही कळत नाही.