सीएसएमटीची इमारत कशी वाचावी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस नीट पाहायचं तर दीड-दोन तास हाताशी ठेवा आणि दुपारी तीनच्या सुमारास पोचा. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. सकाळी ऊन मागून येतं, त्यामुळे सगळं कोरीवकाम सावलीत जातं. कामाच्या दिवशी पाचच्या आत आटपा; त्यानंतर लोकलच्या गर्दीत मान वर करून उभं राहायला जागाच मिळत नाही. छोटी दुर्बीण असेल तर अवश्य न्या, कारण उत्तम काम वरच्या मजल्यांवर आहे.

जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला निघालेली पहिली प्रवासी गाडी या इमारतीतून सुटलेली नाही. ती सुटली बोरीबंदरच्या साध्या स्थानकातून. सध्याच्या वास्तूचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली त्या १८८७ सालात तिचं नाव स्थानकाला मिळालं आणि १८८८ मध्ये काम पुरं झालं. १८५३ ते १८७८ या मधल्या काळात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भोर घाट चढून दख्खनच्या कापसापर्यंत पोचली होती, १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता मार्ग जोडला गेला होता. एवढ्या कारभाराला स्थानकाबरोबर मुख्यालयही हवं होतं. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी दोन्ही एकाच आराखड्यात बसवलं. म्हणूनच घुमटाखालचा भव्य दरवाजा प्रवाशांसाठी नाही, तो कार्यालयाचा आहे. तिथून आत जायचा प्रयत्न करू नका.

सुरुवात महापालिका मुख्यालयासमोरच्या कोपऱ्यावरून करा (ती इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची). रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग वापरा. नजर वरून खाली आणा. शिखरावरची स्त्रीमूर्ती म्हणजे ‘प्रगती’: उजव्या हातात उंचावलेली मशाल, डाव्या हातात चाक. तिच्याखाली आठ कोनी, फासळ्यांचा दगडी घुमट. या घुमटासमोर सर्वांत जास्त वेळ थांबावं. इटालियन वळणाच्या गॉथिक (मध्ययुगीन युरोपीय शैलीच्या) इमारतीला असा घुमट बसवणं हे धाडसाचं काम होतं. टोकदार कमानींचा सगळा चढ तो एकत्र बांधून घेतो. घड्याळाखाली रिकामी चौकट दिसते. तिथे राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला गेला.

आता फाटकाजवळ या. खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ, म्हणजे ब्रिटन आणि भारत. दर्शनी भिंतीवर जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांचे मुखवटे शोधा. मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटलेल्या या दोघांना इथे जागा मिळाली, ते योग्यच झालं. पानाफुलांच्या आणि प्राण्यांच्या कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

मग लोकलच्या बाजूने उत्तरेकडच्या तिकीटघरात शिरा. हे ‘स्टार चेंबर’. छतावरच्या चांदण्या बघताना तिकिटाच्या रांगेपासून बाजूला, भिंतीलगत उभे राहा. पुढे फलाटांवर जायचं असेल तर १० रुपयांचं फलाट तिकीट दोन तास चालतं. सणासुदीच्या गर्दीत त्याची विक्री बंद ठेवतात, म्हणून दिवाळीच्या आठवड्यात हा बेत नको.

लोकलचे फलाट १ ते ७. त्यापुढे लांब पल्ल्याच्या गाड्यांची बाजू लागते आणि तिथे दगडी नक्षी एकदम संपते. ही वाढ नंतरची, १९२९ ची. दोन्ही बाजू लागोपाठ पाहिल्या की फरक सांगावा लागत नाही. मधल्या काळातला मोठा टप्पा विजेचा: ३ फेब्रुवारी १९२५ रोजी इथून कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला याच लांब पल्ल्याच्या बाजूच्या दालनात झाला. इथे फोटोसाठी हसत उभं राहू नये.

मुंबईचा आणि मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाचा आराखडा अदलाबदल झाला, असं कोणी सांगितलं तर साल विचारा. मेलबर्नच्या आराखड्याची स्पर्धा १८९९ ची, इमारत पुरी झाली १९१० मध्ये. तोवर बोरीबंदरची ही वास्तू वापरात येऊन वीस वर्षं उलटली होती.

जुन्या नोंदी चाळताना ‘व्हीटी’ (व्हिक्टोरिया टर्मिनस) हेच नाव शोधा. १९९६ मध्ये ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ झालं आणि ‘महाराज’ २०१७ मध्ये जोडलं गेलं. जागतिक वारसा यादीतली नोंद २००४ ची असल्याने तिथे ‘महाराज’ नसलेलं नाव सापडतं.