बोलून टाइप करायचंय? लॅपटॉप घेण्याआधी हे बघा

आधी एक गोष्ट नक्की करा: आवाजाचा मजकूर लॅपटॉपवरच तयार होणार, की इंटरनेटवरून सर्व्हरवर? गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगसारखी सोय वापरणार असाल, तर जड काम सर्व्हर करतो. मग साधा लॅपटॉप आणि बरं नेट पुरतं, उगाच जास्त पैसे घालू नका.

सॉफ्टवेअर लॅपटॉपवरच चालवायचं असेल, तर मात्र रॅमवर काटकसर नको. 8 जीबीवर ब्राउझर आणि वर्डही उघडे असले, की शब्द रेंगाळत उमटू शकतात. 16 जीबी घ्या. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे हे खरेदीच्या वेळीच ठरवावं लागतं. डिस्क एसएसडीच हवी.

व्हिस्परसारखं, म्हणजे बोलणं मजकुरात उतरवणारं, मॉडेल ग्राफिक्स कार्डवर चालवणार असाल, तर कार्डाची स्वतःची मेमरी तपासा. व्हिस्पर लहान-मोठ्या आकारांत मिळतं: ‘स्मॉल’ला साधारण 2 जीबी, ‘मीडियम’ला 5 आणि ‘लार्ज’ला 10 जीबी लागते. इंग्रजी सोडून इतर बऱ्याच भाषांत लहान मॉडेलं खूप चुकतात, तेव्हा फक्त वेग बघून निवड करू नका.

आणि थोडे पैसे माइकसाठी राखून ठेवाच, हे मी आवर्जून सांगेन. काम वाढलं की फॅन घरघरतो आणि तो आवाज लॅपटॉपच्या अंगच्या माइकमध्ये शिरतो. यूएसबी हेडसेट घ्या. माइक ओठांसमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’ म्हणताना श्वास त्यावर आदळत नाही.