बेटावरून थेट लेहला जाताना
लक्षद्वीपची बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असल्याने, तेथील तरुण विमानाने सुमारे ३,५०० मीटरवरील लेहला उतरतात, तेव्हा त्यांच्या शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती घ्यावी. पोहून कमावलेला दम विरळ हवेपासून संरक्षण देत नाही, उलट असे धडधाकट गडीच घाई करतात. पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. डोकेदुखीसोबत मळमळ जाणवल्यास आणखी चढू नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी कोणाच्या तरी सोबतीने लगेच खाली उतरावे.