ब्लू व्हॅलेंटाईन हा इंग्रजी पिक्चर बघायला बसताय तर

पहिलं म्हणजे नावावर जाऊ नका. व्हॅलेंटाईन दिसलं म्हणून मी १४ फेब्रुवारीला बायकोला शेजारी बसवून लावला होता. संपल्यावर आम्ही दोघं काही न बोलता उठलो, तिने दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं, मी गॅस बंद आहे का ते दोनदा बघून आलो, आणि त्या रात्री "उद्या डबा हवाय का" एवढंच काय ते बोलणं झालं.

तेव्हा पहिल्यांदा एकट्याने बघा. २०१०चा आहे, दोन तासाला आठ मिनिटं कमी. रात्री अकराला लावाल तर झोपेचं खोबरं, त्यापेक्षा शनिवारी दुपारी जेवून बसा. पोरं घरात असताना नकोच, अमेरिकेत याला आधी एनसी-१७ सर्टिफिकेट (म्हणजे सतरा आणि त्याखालच्यांना प्रवेशच नाही) दिलं होतं, मग अपील केल्यावर आर (म्हणजे सतराखालच्यांना मोठ्या माणसाबरोबरच) मिळालं.

गोष्ट दोन काळांत सारखी उड्या मारते, गोंधळलात तर डीनचे म्हणजे रायन गॉसलिंगचे केस बघायचे. दाट असले की प्रेमाचे दिवस, कपाळ मोठं झालं की संसार. जुना काळ फिल्मवर शूट केलाय आणि आत्ताचा डिजिटलवर, त्यामुळे चित्राचा पोतही बदलतो. दोन्ही शूटिंगच्या मधे दिग्दर्शक डेरेक सिअनफ्रान्सने गॉसलिंग आणि मिशेल विल्यम्सला जवळजवळ महिनाभर एका घरात राहायला लावलं होतं, ते भांडणांत जाणवतं बुवा.

आणि चूक कोणाची हे ठरवायला बसू नका, मी अर्धा पिक्चर त्यातच घालवला. सुरुवातीला नाश्त्याचा सीन आहे तो नीट बघा, डीन पोरीबरोबर टेबलावरचे मनुके हात न लावता तोंडाने उचलून खातो, पोरगी खिदळतेय, आणि त्याच्या बायकोला, सिंडीला (म्हणजे मिशेल विल्यम्सला) कामावर जायचंय, ती नर्स आहे, मागचा पसारा तिलाच आवरायचाय. आता यात कोणाला नावं ठेवणार? तोच माणूस जुन्या काळात दुकानाच्या दारात युकुलेले (छोट्या गिटारसारखं वाद्य) वाजवतो आणि ती नाचते, तेव्हा त्याचा तोच पोरकटपणा आपल्यालाही आवडलेला असतो. मधली वर्षं पिक्चर दाखवतच नाही, म्हणून ती आपण आपल्याच घरातली घालून भरतो आणि तिथे लागतं.

नावं यायला लागली की उठू नका, आतषबाजीत त्यांचे चांगल्या दिवसांचे फोटो येतात, रुमाल खरा तिथे लागतो.

अजून एक, फोन आधीच दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवा. संपल्या संपल्या कोणातरी जुन्या माणसाला "कशी आहेस" टाकायची जाम इच्छा होते, आणि ब्लू टिक आल्यावर डिलीट करून काय उपयोग.