प्रेअरीचे जुने नकाशे घेऊन फिरताय? या चुका टाळा

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात राहायला आलो तेव्हा पहिला हिवाळा मी खिडकीतून बाहेर बघत काढला आणि मनात एकच, इथे बघायला आहे काय, नुसती सपाट प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदान. मग कुणीतरी जुना तीन-मैली नकाशा दाखवला, म्हणजे एका इंचाला तीन मैलवाला, आणि त्यावर आज जिथे नुसता गहू उभा आहे तिथे पोस्ट ऑफिस, पायवाटा, रेल्वे स्टेशनं सगळं होतं! तेव्हापासून उन्हाळ्यातला जवळजवळ प्रत्येक रविवार नकाशा घेऊन अशा जुन्या जागा शोधण्यातच जातो. पण सुरुवातीला खूप चुका केल्या, आणि नवीन लोकांच्या त्याच चुका होताना दिसतात म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक जमिनीचा पत्ता वाचण्यात होते. आपल्याकडे शेताला गट नंबर असतो तसा इथे क्वार्टर, सेक्शन, टाउनशिप, रेंज, मेरिडियन असा पत्ता असतो. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलाचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकर, क्वार्टर १६०. टाउनशिप अमेरिकेच्या सीमेपासून म्हणजे ४९ अक्षांशापासून उत्तरेकडे मोजायची आणि रेंज मेरिडियनपासून, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेल्या उत्तर-दक्षिण रेषेपासून, पश्चिमेला. इथपर्यंत सगळ्यांना जमतं, गडबड होते सेक्शनच्या नंबरात. कॅनडात १ नंबर आग्नेय कोपऱ्यात, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत, मग ७ हा ६ च्या डोक्यावर आणि तिथून उलटं पूर्वेकडे, शेतात नांगर वळवतो ना तसं, शेवटी ३६ ईशान्येला. अमेरिकेत १ नंबर ईशान्येला असतो! मी नेटवरून घेतलेली आकृती अमेरिकेची होती, सेक्शन २ शोधत होतो तर पाच मैल उत्तरेला जाऊन उभा राहिलो, अख्खा दिवस गेला. आकृती कुठल्या देशाची आहे ते आधी बघा.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट. सेक्शन ११ आणि २९ जुन्या नकाशांवर शाळेची जमीन म्हणून असतात, आणि लोक तिथे शाळेचा पाया शोधत फिरतात. ती जमीन विकून शिक्षणासाठी पैसा उभा करायचा म्हणून राखून ठेवलेली होती, वर्ग तिथे भरायचे असं नाही. शाळेची इमारत शोधायची असेल तर एक-इंच-एक-मैल नकाशावर शाळेची खूण बघा. तसंच सेक्शन ८ आणि २६ चा बराचसा भाग हडसन्स बे या जुन्या व्यापारी कंपनीचा, आणि पुष्कळ ठिकाणी विषम नंबरांची सेक्शनं रेल्वेला दिलेली. म्हणून १० डॉलर भरून १६० एकर घेणारं होमस्टेडवालं कुटुंब बहुतेक वेळा सम नंबरावरच सापडतं, हे कळलं की शोध निम्मा होतो.

आता जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना, मोबाईलवर किंवा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये. बहुतेक जण नदीचं वळण किंवा तळ्याचा काठ पकडून पॉइंट लावतात, म्हणजे दोन्ही नकाशांवरची एकच जागा जुळवतात, आणि मग म्हणतात नकाशाच चुकीचा आहे. प्रेअरीतली तळी स्थिर नसतात हो, एखाद्या दुष्काळात गायब, पुढे परत भरलेली. पॉइंट लावायचे ते सेक्शनच्या कोपऱ्यांवर, म्हणजे आजचे ग्रिड रोड जिथे एकमेकांना छेदतात तिथे, निदान आठ-दहा, आणि शीटभर पसरून, कारण जुना कागद सगळीकडे सारखा ताणलेला नसतो. इथे दोन अडचणी येतात. एक, सस्कॅचवानच्या बहुतेक भागात उत्तर-दक्षिण रस्त्याची जागा दर मैलाला सोडलेली आहे पण पूर्व-पश्चिम दर दोन मैलांनी, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर रस्ता मिळणार नाही. दुसरी, करेक्शन लाइन. मेरिडियन उत्तरेकडे जवळ जवळ येत जातात म्हणून दर २४ मैलांनी चौकोनांची रांग थोडी सरकवलेली असते, सरळ चाललेला रस्ता तिथे एकदम बाजूला वळतो आणि परत सरळ होतो. त्या रेषेच्या वरचा पॉइंट खालच्या कोपऱ्यावर लावला की सगळा नकाशा तिरका.

१:५०,००० च्या जुन्या शीटवरून आकडे वाचून जीपीएसमध्ये टाकणार असाल तर डेटम बघा, म्हणजे ते आकडे पृथ्वीच्या कुठल्या मापावर धरलेत ते. शीट नॅड २७ ची आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर, तर यूटीएममध्ये, म्हणजे नकाशावरच्या मीटरच्या चौकटीत, उत्तर-दक्षिण दोनशे मीटरच्या वर फरक पडतो. गवतात लपलेल्या दगडी पायासाठी दोनशे मीटर खूप झाले.

तारखेबद्दल थोडक्यात. कोपऱ्यातलं वर्ष बऱ्याचदा छपाईचं असतं, मोजणी त्याच्या कितीतरी आधीची, आणि नवीन आवृत्तीत रेल्वेलाइन वाढवली तरी बाकी सगळं जुनंच ठेवलेलं असू शकतं. तुटक रेषेची रेल्वे दिसली तर ती झालीच असं धरू नका.

आणि हे मला स्वतःला फार उशिरा समजलं: मोजणीवाले सेक्शनच्या रेषेवरून चालायचे, रेषेला जे आडवं आलं ते लिहायचे, वाट, ओढा, दलदल. सेक्शनच्या पोटात काय आहे ते बऱ्यापैकी अंदाजाने जोडलेलं. म्हणून जुन्या गाडीवाटेच्या चाकोऱ्या शोधायच्या असतील तर वाट रेषेला जिथे छेदते तिथून सुरुवात करा आणि फक्त न नांगरलेल्या गवतात बघा. एका मावळतीला तिरप्या उन्हात मला त्या दिसल्या, तीन-चार उथळ खोबणी शेजारी शेजारी, दुपारी त्याच जागेवरून मी गेलो होतो तेव्हा काहीच दिसलं नव्हतं.

नावांच्या बाबतीत एका स्पेलिंगवर अडून बसू नका. ओल्ड वाइव्ह्ज लेक जुन्या शीटवर जॉनस्टोन लेक आहे. पोस्ट ऑफिस शेतकऱ्याच्या घरात असायचं, पोस्टमास्तर बदलला की ते नाव घेऊन दुसऱ्या घरी जायचं, म्हणून दोन नकाशांत ते काही मैल सरकलेलं दिसलं तर दोन्ही बरोबर असू शकतात. ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेच्या लाइनवर मात्र मजा येते, स्टेशनं एबीसीडीच्या क्रमाने आहेत, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर, मधलं एखादं गाव पुसलं गेलं तरी अक्षरावरून कळतं कुठे शोधायचं.

एक चूक मात्र मला मनापासून खटकते. नकाशावर मोकळी जागा दिसली की लोक म्हणतात इथे कुणी नव्हतं. चौकोनांची मोजणी १८७१ ला मॅनिटोबात सुरू झाली, क्री आणि असिनिबोइन हे मूळ रहिवासी आणि मेटी, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशाचे लोक, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे होते. बटोश या त्यांच्या गावाजवळ नदीकाठी मेटी लोकांच्या लांब अरुंद पट्ट्या बघा, चौकोनांत न बसणाऱ्या, त्याच जमिनीचा प्रश्न १८८५ च्या मेटींच्या सरकारविरुद्धच्या लढ्याच्या मुळाशी होता. फेझंट रम्प आणि ओशन मॅन ही मूळ रहिवाशांसाठीची राखीव क्षेत्रं १९०१ ला सरकारने काढून घेतली, म्हणून त्याच्या आधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवूनच वाचा. एल्बोजवळ तर १९६७ ला गार्डिनर धरण झालं, जुन्या नकाशावरचं सगळं खोरं आता लेक डिफेनबेकरच्या पाण्याखाली आहे. बसलेल्या बायसनसारखा (रानगव्यासारखा) दिसणारा मिस्तासेनी नावाचा प्रचंड दगड, क्री लोकांचं पवित्र ठिकाण, १९६६ ला सुरुंग लावून फोडला. नकाशा उघडा करून त्या काठावर उभं राहिलं की बोलवत नाही.

जाण्याआधी परवानगी घ्या. सस्कॅचवानमध्ये २०२२ पासून खाजगी शेतजमिनीवर जायला आधी विचारावंच लागतं, पाटी नसली तरी. रुरल म्युनिसिपालिटीच्या, म्हणजे तिथल्या ग्रामीण स्थानिक संस्थेच्या, नकाशावर मालकाचं नाव असतं, फोन करा, पेरणी-कापणी सोडून. मी ज्यांना फोन केला त्यातल्या एका आजोबांनी स्वतःच ट्रकमध्ये बसवून नेलं, कॅरागानाच्या कुंपणझुडपांच्या दोन सरळ रांगा आणि मधे एक लायलॅकचं फुलझाड दाखवलं, आणि म्हणाले घर इथे होतं, आई या झाडाला भांडी धुतलेलं पाणी घालायची. माझ्या नकाशात तिथे एक बारीक काळा ठिपका होता.