चिपाडापासून रंग: यीस्टवर प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला उसाचं चिपाड आणि त्यावर वाढवायला ऱ्होडोटोरुला हे गुलाबी यीस्ट घेतलं असेल, तर निवड चांगली आहे. हे यीस्ट 28-30 अंशांना छान वाढतं, बीटा-कॅरोटीन, टोरुलिन आणि टोरुलऱ्होडिन हे कॅरोटिनॉइड रंग तयार करतं. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहातून खात्रीचं कल्चरही विकत मिळतं. ॲस्टाझँथिन या रंगाच्या मोहाने फॅफिया हे दुसरं यीस्ट मात्र घेऊ नका. तिला 20 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. साध्या शेकरवर मे महिन्यात ते जमत नाही.

चिपाड सौम्य आम्लात शिजवलं की मिळणाऱ्या द्रावात (हायड्रोलायझेट) साखरेबरोबर यीस्टची वाढ रोखणारे फरफ्युरल, ॲसेटिक ॲसिड आणि फिनॉलही सुटतात. चुन्याने पीएच 10 पर्यंत न्या, गाळा, पुन्हा 5.5 वर आणा. कंटाळा येईल, पण ही पायरी गाळू नका.

खरा सापळा पुढे आहे. हायड्रोलायझेट मुळातच तपकिरी असतं. तो रंग पेशींना चिकटतो, रंग काढायच्या ॲसिटोनमध्ये उतरतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, कॅरोटिनॉइड मोजतात त्या 450 नॅनोमीटरला भरघोस रीडिंग देतो. माझे सुरुवातीचे आकडे बरेचसे या तपकिरी रंगाचेच होते, ते सगळे काढून टाकावे लागले. म्हणून सांगते: एकट्या 450 वर विसंबू नका. 400 ते 600 पूर्ण स्कॅन घ्या. कॅरोटिनॉइड असेल तर आलेखात उंचवटे दिसतात. तपकिरी रंगाचा आलेख 400 कडे नुसता चढत जातो. धुतलेलं पाणी नितळ निघेपर्यंत पेशी धुवा. आणि बेकरीचं साधं यीस्ट त्याच हायड्रोलायझेटमध्ये ठेवून, धुऊन, त्याच पद्धतीने एक्स्ट्रॅक्ट करा. त्यात कॅरोटिनॉइड नसतंच, त्यामुळे जे रीडिंग येईल ते बहुतेक चिपाडाचं. हा कंट्रोल नसलेल्या आकड्यांवर मी आता विश्वास ठेवत नाही, मग ते कोणाचेही असोत.

उलटंही घडतं. ॲसिटोन फिकट आणि पेशींचा गोळा अजून गुलाबी, म्हणजे रंग आतच अडकलाय. घाबरू नका. आधी कोमट डीएमएसओ (पेशी भेदणारं द्रावक), मग ॲसिटोन, गोळा पांढरा होईपर्यंत. नळ्यांना फॉइल गुंडाळा, उजेडात रंग उडतो.

गाईड निवडताना मोठ्या नावापेक्षा, तुमचा कच्चा आलेख स्वतः मागून बघणारी व्यक्ती शोधा. आणि चिपाडाला हात लावण्याआधी साध्या ग्लुकोजच्या माध्यमावर रंग काढून, त्याचा स्कॅन वहीत चिकटवून ठेवा. पुढचा प्रत्येक आलेख त्याच्या शेजारी धरून बघता येतो.