आजीच्या बटणाच्या फोनला रोज दीड जीबी कशाला?

"सरकार मोफत रिचार्ज देतंय म्हणं, आमचं बी नाव घाला की त्यात." कोल्हापूरजवळ फुलेवाडीत माझं झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि रिचार्जचं दुकान आहे. हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. तर उत्तर आधीच देऊन टाकतो. गरीब घराचा रिचार्ज दरमहा भरून देणारी सरकारी योजना आपल्याकडं नाही. रेशनकार्ड पिवळं असो नाहीतर केशरी, रिचार्जवरचा 18 टक्के जीएसटी सगळ्यांना सारखाच. "पंतप्रधानांकडून तीन महिने मोफत" अशी लिंक व्हॉट्सअपवर आली तर ती दाबायची नाही, पुढं तर अजिबात पाठवायची नाही. दाबली आणि खात्यातून पैसे गेलेच, तर पाहुण्यांना विचारत न बसता लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी नंबरला फोन लावायचा.

सरकारची मदत आहे, पण ती रोख नाही, नियमांत आहे. आणि ते नियम कंपन्या तुम्हाला आपणहून सांगत नाहीत.

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते फक्त बोलायच्या पॅकमध्ये. इंटरनेट नसलेला, नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेला किमान एक पॅक प्रत्येक कंपनीनं ठेवलाच पाहिजे, असा नियम ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर 2024 मध्ये काढला. पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवायलाही तेव्हाच परवानगी मिळाली. जानेवारी 2025 मध्ये हे पॅक आले तेव्हा 84 दिवसांना साडेचारशे ते पावणेपाचशे रुपये पडायचे. तेवढ्याच दिवसांचा रोज दीड जीबीचा पॅक आठशे-साडेआठशेला. दर खालीवर होत राहतात, म्हणून आजचा भाव बघूनच रिचार्ज मारा.

बालिंग्याचं एक गिऱ्हाईक घ्या. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, बायको खानावळीत पोळ्या लाटायला, पोरगा अकरावीला आणि घरात आजी. फोन चार, चारीवर रोज दीड जीबी. आजीचा फोन बटणाचा! त्यात इंटरनेट जाणार कुठं? फौंड्रीवाल्या नवऱ्याचा फोनही दिवसभर लॉकरमध्ये. आजीला आणि त्याला बोलायचा पॅक टाकला. रात्री मॅच बघायची झाली तर तो पोराचा हॉटस्पॉट घेतो. बँकेचे आणि आधारचे ओटीपी या पॅकवरही येतात, त्याची काळजी नको.

आता अडचण अशी की ॲप उघडलं की हे पॅक समोर दिसत नाहीत. वर मोठ्या अक्षरात डेटावाले, ओटीटीवाले, आणि हा बिचारा कुठंतरी तळाला. यादी पार शेवटपर्यंत सरकवा, नाहीतर 'व्हॅल्यू' किंवा 'ओन्ली व्हॉइस' असं लिहिलेल्या कप्प्यात बघा. दुकानात गेलात तर "स्वस्तातला मारा" असं मोघम सांगू नका, "नेट नसलेला, 84 दिवसांचा" असं स्पष्ट सांगा. 28 दिवसांचा पॅक महिन्याचा वाटतो, पण वर्षाला 13 वेळा मारावा लागतो, हेही ध्यानात असू द्या.

दुसरं सिम नुसतं जिवंत ठेवायचं असेल तर त्यात 20 रुपये मेन बॅलन्स ठेवा. 90 दिवस काहीच वापर झाला नाही तरी नंबर लगेच जात नाही. 20 रुपये कापून आणखी 30 दिवस मिळतात. पॅक संपल्यावर कॉल चालतीलच असं नाही, पण नंबर दुसऱ्याच्या हातात जात नाही. लाडकी बहीणची ई-केवायसी निघाली तेव्हा आधारला जोडलेला नंबर बंद पडलेल्या किती बायका दुकानात येऊन डोक्याला हात लावून बसल्या! वीस रुपयांनी तो घोर वाचतो.

बॅलन्स आपोआप कमी होत असेल तर कॉलर ट्यून नाहीतर ज्योतिषाचा मेसेज चिकटलेला असतो. 155223 वर STOP पाठवा आणि परत येणाऱ्या मेसेजप्रमाणे बंद करा. तरीही कापलं तर कंपनीच्या 198 या तक्रार नंबरवर तक्रार करून तक्रार क्रमांक वहीत लिहून घ्या. क्रमांकाशिवाय पुढं कुणी दाद देत नाही.

घरात रेंजच नसेल तर रिचार्ज कितीही मोठा मारा, उपयोग शून्य. पन्हाळ्याच्या बाजूच्या वाड्यांत हे फार चालतं. आधी शेजाऱ्याच्या फोनवर कुठली कंपनी नीट लागते ते बघा, मग नंबर तोच ठेवून त्या कंपनीत जायला PORT लिहून एक जागा सोडून आपला नंबर टाका आणि 1900 ला पाठवा. नव्या कंपनीला द्यायचा जो कोड येतो, तो साधारण चार दिवस चालतो. मात्र आत्ताच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत. नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं.

आता खरोखर सरकारी खर्चानं डेटा मिळतो ती जागा. ओबीसी, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातलं पोर दहावी होऊन अकरावी सायन्सला गेलं असेल आणि नीट, जेईई किंवा सीईटीची तयारी करत असेल, तर महाज्योतीकडं, म्हणजे या समाजांतल्या पोरांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्थेकडं, अर्ज करा. निवड झाली तर टॅबलेट आणि रोज 6 जीबी डेटा मिळतो, शिवाय ऑनलाइन शिकवणी. बालिंग्याच्या त्या पोराचा फॉर्म मीच भरला. आधार, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेयर, दहावीचं मार्कशीट आणि अकरावीचं बोनाफाईड एवढं लागलं. यात पोरं अडकतात ती नॉन-क्रीमिलेयरला. अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर सेतूत पळायचं म्हणजे रांगेत उभं राहून तारीख हातची घालवायची. दहावीचा निकाल लागायच्या आधीच दाखला काढून ठेवा, आणि जुना असेल तर त्यावर कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते वाचा. अर्ज महाज्योतीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच भरायचा. त्याला फी नाही, दुकानदारानं भरून दिला तर त्याची मजुरी तेवढी द्यायची.